शेजाऱ्यांचें पिस्तूल

गतवर्षीं चिरंजीवांकडे, अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, सहा महिने राहण्याचा योग आला. पुण्यांतील एका शाळेंत अडतीस वर्षें संस्कृत शिकवून मी निवृत्त झालों, तेव्हां शाळेनें मला शाल दिली, घड्याळ दिलें आणि माझ्याजवळची ग्रंथालयाची किल्ली परत मागून घेतली. किल्ली देतांना थोडें वाईट वाटलें, पण त्यांत अन्याय झाला असें मात्र कधीं वाटलें नाहीं. जें कामासाठीं हातीं दिलेलें असतें, तें काम संपतांच परत जावें, हा सरळ हिशेब आहे. आणि तो सर्वत्र लागू पडतो अशी माझी समजूत होती. ती चिरंजीवांच्या शेजाऱ्यांनीं हालविली.

हे गृहस्थ सत्याहत्तर वर्षांचे. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसदलांत बावीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन दूर राहणारी. सकाळीं मी फिरावयास निघें तेव्हां तेही निघत, आणि हळूहळू आमची जोडी जमली. माझें इंग्रजी शाळेंतलें, त्यांचें रस्त्यावरचें. पण दोन म्हाताऱ्यांना बोलावयास व्याकरण फारसें लागत नाहीं. चिरंजीवांनीं शिकविल्यामुळें ते मला 'मास्तर' म्हणत. एके दिवशीं बुटाची नाडी बांधण्यास ते वांकले, आणि सदऱ्याखालीं कमरेला लावलेलें पिस्तूल मला दिसलें. मी चपापलों. तें त्यांच्या ध्यानांत आलें.

"भिऊं नका, मास्तर," ते म्हणाले, "कायद्यानें आहे."

घरीं येऊन मीं चिरंजीवांस विचारलें, आणि मग आम्हां बापलेकांस त्या कायद्याचा शोध घेण्याचा नादच लागला. शस्त्र कपड्यांआड लपवून बाळगण्याचे नियम तेथें प्रत्येक राज्याचे निराळे. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यांत चालेलच असें नाहीं. २००४ सालीं, धाकटे बुश अध्यक्ष असतांना, मध्यवर्ती सरकारनें कायदा केला कीं, नोकरींत असलेल्या आणि चांगल्या नांवानें निवृत्त झालेल्या पोलिसांना राज्याराज्यांचे हे निर्बंध आड येऊं नयेत. निवृत्तांची एकूण नोकरी आरंभीं निदान १५ वर्षांची हवी होती; २०१० मध्यें ती अट १० वर्षांवर आणली. जुन्या खात्याचें छायाचित्रासह ओळखपत्र हवें. गेल्या बारा महिन्यांत नेमबाजीची परीक्षा स्वखर्चानें दिलेली हवी, आणि तीही नोकरींतील पोलिसाला लावतात त्याच कसाची. अंगांत दारूचा अंमल असतां कामा नये. सरकारी इमारतींत शस्त्रबंदी करण्याचा, आणि खाजगी मालकाला 'माझ्या जागेंत शस्त्र नको' असें म्हणूं देण्याचा राज्यांचा अधिकार मात्र या कायद्यानें शाबूत ठेवला आहे.

माझा पहिला कल अर्थातच विरोधाचा. दुसऱ्या दिवशीं फिरतांना मीं किल्लीची गोष्ट सांगितली आणि स्पष्ट विचारलें, "मीं किल्ली परत केली, मग आपण पिस्तूल कां बाळगावें?"

ते रागावले नाहींत. प्रथम म्हणाले, "हें सरकारचें नव्हे; माझ्या पैशानें घेतलेलें आहे." मग थोडें चालल्यावर त्यांनीं एक हकीकत सांगितली. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनीं ते एका वाण्याच्या दुकानांत उभे होते. मागून कोणीं तरी त्यांना नांवानें हाक मारली. पूर्वीं त्यांनीं पकडलेला आणि त्यांच्याच साक्षीनें तुरुंगांत गेलेला तो मनुष्य होता. तो शिवी देता तर बरें झालें असतें. त्यानें हंसून, मुलीचें नांव घेऊन, ती हल्लीं कशी आहे एवढेंच विचारलें.

"मी निवृत्त झालों होतों, मास्तर. तो कांहीं निवृत्त झाला नव्हता."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. माझा जुना विद्यार्थी बाजारांत भेटला तर पिशवी खालीं ठेवून नमस्कार करतो. फार तर मीं नापास केलेला असेल तर रस्ता ओलांडून जातो. माझी नोकरी माझ्यामागें कांहीं ठेवून गेली असेल तर ती ओळख. त्यांची नोकरी त्यांच्यामागें वैर ठेवून गेली. तें वैर समाजाच्या कामासाठीं पत्करलेलें. पेन्शनीच्या कागदावर सही केल्यानें तें मिटत नाहीं. किल्ली आणि पिस्तूल यांची तुलना मीं उगाच केली, हें मला कबूल करावें लागलें.

तथापि वाचकांनीं एवढ्यावर माझ्यासारखें विरघळून जाऊं नये. वैर केवळ पोलिसाच्याच वांट्यास येतें काय? गुंडाविरुद्ध साक्ष देणारा दुकानदार आहे, नवऱ्याच्या जाचांतून सुटलेली आणि त्याच्या धमक्यांखालीं दिवस काढणारी स्त्री आहे. न्यूयॉर्क राज्यांत १९११ पासूनच्या कडक कायद्यामुळें अशा सामान्य माणसाला स्वसंरक्षणाची विशेष निकड सिद्ध करावी लागे. नुसती भीति पुरत नसे. ती अट तेथील सर्वोच्च न्यायालयानें २३ जून २०२२ रोजीं रद्द केली. लगेच त्या राज्यानें नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअरसारखीं अनेक ठिकाणें परवानाधारकांनाही बंद केलीं, आणि २००४ च्या कायद्यांत बसणाऱ्या निवृत्त पोलिसांना त्यांतून वगळलें. म्हणजे एकाच चौकांत, एकाच प्रकारचें पिस्तूल, एकाच्या कमरेला गुन्हा आणि दुसऱ्याच्या कमरेला हक्क!

याच्या उलटही झालेलें आहे. कॅलिफोर्नियानें लष्करी बनावटीच्या बंदुकांवर बंदी घातली आणि निवृत्त पोलिसांना मात्र सूट दिली. २००२ सालीं मध्यवर्ती अपील न्यायालयानें ती सूट समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविली. नोकरी संपलेल्या माणसाला असली बंदूक जवळ ठेवूं दिल्यानें लोकांच्या सुरक्षिततेंत काय भर पडते, तें न्यायाधीशांस दिसेना. हा निकाल मला पटतो. वैऱ्यापासून जीव वांचविण्यास पिस्तूल पुरे. त्यापुढचें सारें मानपान होय.

आणि न्यू जर्सीनें तर निवृत्त पोलिसांसाठीं आपला स्वतंत्र परवाना ठेवला, त्याला वयाची मर्यादा ७५ ची घातली आणि परीक्षा वर्षांतून दोनदां लावली. मध्यवर्ती कायद्यांत वयाची मर्यादा मुळींच नाहीं. २०२४ मध्यें फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयानें मध्यवर्ती कायदा श्रेष्ठ ठरविला. आमच्या शेजाऱ्यांना या निकालाचा मोठा आधार वाटे. मीं त्यांना आपल्याकडची रीत सांगितली: १९५९ च्या शस्त्रकायद्याखालीं निवृत्त अधिकाऱ्यालाही पिस्तूल हवें तर परवाना काढावा लागतो, आणि तो २०१९ च्या दुरुस्तीनंतर पांच वर्षांनीं नवा करावा लागतो. "म्हणजे तुमच्याकडे पांच वर्षें हात कांपत नाहीं वाटतें?" असें त्यांनीं विचारलें. चहाचा पेला धरतांना त्यांचा स्वतःचा उजवा हात कांपे, हें मीं पाहिलेलें होतें. त्यांनाही मीं पाहिल्याचें ठाऊक होतें.

मग मास्तरकी केल्यावांचून माझ्यानें राहवलें नाहीं. मीं त्यांना मौसलपर्वांतील अर्जुन सांगितला. यदुकुलाच्या नाशानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन तो निघतो, वाटेंत दरोडेखोर तुटून पडतात. गांडीवाला दोरी चढवितांना त्याची दमछाक होते, अस्त्रें आठवत नाहींत, अक्षय म्हणविणारे बाण संपतात आणि डोळ्यांदेखत स्त्रिया पळविल्या जातात. तरीही तो धनुष्य सोडीत नाहीं. शेवटच्या प्रवासांत अग्नि वाट अडवून तें परत मागतो, तेव्हां कोठें तो तें पाण्यांत टाकतो. शेजाऱ्यांनीं सारें नीट ऐकून घेतलें.

"त्या तुमच्या वीराची दर वर्षीं कोणी परीक्षा घेत नसे, असें दिसतें," ते म्हणाले.

मला वाटतें, या सगळ्या कायद्यांतला न्याय्य भाग कोणता असेल तर तो ही परीक्षा. वयाच्या मर्यादेनें धडधाकट आणि दुबळे एका दावणीला बांधले जातात. परीक्षा प्रत्येकाचा हात पाहते.

ऑगस्टमध्यें नातवाचा सातवा वाढदिवस आला. शेजाऱ्यांना बोलावणें सर्वांच्याच मनांत होतें. सूनबाई मला बाजूस घेऊन म्हणाली, "बाबा, ते आले तर आनंदच आहे. पण दहा मुलें घरांत हुंदडणार. तें कमरेला लावून नको. मला सांगावयास संकोच वाटतो, तुम्हीच सांगा ना." तिचें म्हणणें रास्त होतें, आणि घरधनिणीचा तो अधिकारच. पण त्या सकाळीं बोलतांना माझी जीभ जड झाली. ते गल्लीच्या टोंकापर्यंत गप्प चालले. मग म्हणाले, "माझी पत्नीही सण असला कीं हेंच म्हणे. लोखंडी पेटींत ठेवून येईन."

ते आले. मुलांना टोप्या वांटल्या, जिलबी दोनदां मागून घेतली. पण तीन तास त्यांनीं पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे ठेवलें होतें, आणि दार वाजलें कीं त्यांचा हात कमरेकडे जाऊन रिकामा परत येई. सूनबाईनेंही तें पाहिलें. रात्रीं भांडीं आवरतांना ती म्हणाली, "मीं चूक केली का, बाबा?" मी नाहीं म्हणालों. आजही नाहींच म्हणेन. पण तिनें विचारलें, हें मला बरें वाटलें.

ऑक्टोबरांत, आम्ही परतण्याच्या आठ दिवस आधीं, त्यांची परीक्षा झाली. संध्याकाळीं ते कागदी निशाण गुंडाळून घेऊन आले आणि तें माझ्यापुढें मेजावर पसरलें. परीक्षकाची संवय जात नाहीं; मीं चष्मा लावून भोंकें मोजलीं. ते उतरले होते. मागील वर्षाचा कागदही त्यांनीं बरोबर आणला होता. दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहिले, तेव्हां यंदाचीं भोंकें मध्यापासून बरींच उजवीकडे सरकलेलीं होतीं. आम्हीं दोघांनींही तें पाहिलें आणि चहा घेतला.

चिरंजीवांचा परवां फोन आला होता. शेजारी बरे आहेत, रोज फिरतात. यंदाच्या परीक्षेचें बोलावणें आलें आहे. तें त्यांनीं स्वयंपाकघरांत भिंतीला लावून ठेवलें आहे, अजून उत्तर धाडलेलें नाहीं.