सात पाट्यांची जीप

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी येते. सारा चौक त्या गाडीचा रंग आणि झळाळी पाहत असतो. माझे आबा मात्र मान वाकवून चाकावरची फट पाहतात. "बग, एवढं वय झालं, पण नाक पडलेलं न्हाई," असे दरवर्षी म्हणतात. लहानपणी मला या बोलण्याचे हसू येई. गेल्या वर्षापासून येत नाही.

आमच्याकडेही एक जुनी गाडी आहे. 1974 सालची महिंद्रची जीप. आबा एका बागायतदाराकडे ती वीस वर्षे चालवत होते. त्याने ती मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा आबांनी हप्त्याहप्त्याने विकत घेतली. तिचे मूळचे पेट्रोलचे इंजिन जाऊन फार पूर्वीच डिझेलचे आले आहे. त्याची नोंद गाडीच्या पुस्तकात आहे. पहाटे गावची भाजी मार्केट यार्डात न्यायची, त्यावर घर चालवायचे आणि माझी फी भरायची, असा आमचा संसार. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

डिझेलचे इंजिन वजनाला जड. त्यामुळे जीपचे नाक हळूहळू खाली गेले. खड्डा आला की पुढचा ॲक्सल वर चेसिसपाशी धडके. पुढचे पाटे खचले होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : जीपच्या प्रत्येक चाकापाशी पोलादी पट्ट्यांची कमान असते. सर्वांत लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड होत जाणाऱ्या पट्ट्या. हेच पाटे. भार आला की ते सपाट होतात, भार उतरला की पुन्हा वळतात.

पुढच्या दोन्ही बाजूंचे नवे संच नऊ हजारांच्या घरात जात होते. डब्यात होते साडेचार हजार, आणि त्यांतच माझी परीक्षेची फी. उद्यमनगरातल्या एका ओळखीच्याने स्वस्तातली तोड सुचवली. भंगारात एका जड गाडीचे दोन पाटे पडले होते, किलोच्या भावाने मिळणारे. आमचा पाटा 6 मिलिमीटर जाडीचा, हा 12. "दोन्हीकडं एकेक टाका आबा. एक पाटा दोघांचं काम करतोय," तो म्हणाला.

मी तिथेच बाकड्यावर बसले होते. आदल्या रात्री गल्लीतल्या पॉलिटेक्निकच्या मुलाचे पुस्तक मागून आणून मी वाचले होते. लांबी-रुंदी तीच असेल, तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट! तो पाटा दोघांचे नव्हे, आठांचे काम करणार होता. सात पाट्यांची आमची कमान जणू पंधरा पाट्यांची होणार होती. मी वही उघडली. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "आता बीएवाल्या आमास्नी पाटं शिकवणार व्हय?" सगळे हसले. आबाही थोडेसे हसले. मी वही मिटली.

पाटे बसले. नाक वर आले. आबांनी नारळ फोडला. पण जीप आता झोके घेईना, उड्या मारू लागली. खालच्या क्रेटमधल्या टोमॅटोंचा चिखल होऊ लागला आणि व्यापारी दर पाडू लागला. तिसऱ्या आठवड्यात पाटा जिथे चेसिसला टांगतात तिथे तडा दिसला. पाट्याने न घेतलेला धक्का शेवटी चेसिसने घेतला होता. वेल्डिंगला फीचे पैसे गेले. आईने भिशीतून उचल घेऊन माझी फी भरली.

त्या रात्री मी वही घेऊन आबांसमोर बसले आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तवाच का न्हाई बोललीस?"

ते हसले याचा राग मी तीन आठवडे मनात धरला होता. पण या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. माझ्या मानापेक्षा जीप मोठी होती, हे मला कळायला हवे होते.

पुढचे सारे आम्ही दोघांनी मिळून केले. आबांनी जीप वजनकाट्यावर नेली आणि फक्त पुढची चाके काट्यावर उभी केली. चाके आणि ॲक्सल वजा जाता पुढच्या पाट्यांवर सुमारे 575 किलो भार निघाला. नवे इंजिन पाऊणशे किलोने जड, असा आबांचा अंदाज. म्हणजे आधी 500, वाढ सातव्या हिश्शाएवढी. सात पाट्यांना त्याच जाडीचा एक पाटा पुरे!

आबांनी जुने पाटे सुटे केले, रॉकेलने पुसले, कोरडे केले आणि वर खडू घासला. जिथे बारीक चीर होती तिथे आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ होऊन उमटले. दोन्ही मुख्य पाटे बाद झाले. ते तेवढे नवे घेतले. हातोड्याने कमान वाढवून देणारे स्वस्तात भेटतात. पण तशी कमान लवकर बसते, आणि उंची वाढली म्हणून ताकद वाढत नाही. म्हणून बाकीचे पाटे भट्टीत लाल करून वळवले, तेलात विझवले आणि पुन्हा बेताने तापवले. लोहार याला पाणी देणे म्हणतात, जरी देतात तेलात. यू-बोल्ट नवे घातले. सारा खर्च चार हजारांच्या आत बसला.

भट्टीपाशी तोच माणूस पुन्हा भेटला. "का हो, जाड पाटा काढला?" त्याने विचारले. आबा माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिला इचारा."

मी वही उघडली. या वेळी कुणी हसले असते तरी मी मिटली नसती.

ते जाड पाटे गोठ्याच्या दारापाशी पडून आहेत. आबा ते विकत नाहीत, आणि का, ते मी विचारत नाही.