वाचून दाखवणाऱ्यांचं रियाध

नव्वदच्या दशकातलं रियाध आठवलं, की ग्रंथ वाचून दाखवणारे आठवतात. 1993 मध्ये शेख इब्न बाज सौदीचे मुख्य मुफ्ती झाले. ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली होती. पुढचे ग्रंथ त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेतले. त्यांच्या आधीचे मुख्य मुफ्ती मुहम्मद इब्न इब्राहीम हेही अंधच. अंध माणूस विद्वान असतो, हे त्या शहराला वेगळं सांगावं लागत नसे.

मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतही तेव्हा अंध विद्यार्थ्यांना मित्रमैत्रिणी पुस्तकं वाचून दाखवत. ‘हळू वाचू का? तळटीप हवी का?’ असं विचारत विचारत पान पुढे सरके. त्या विचारण्यात फार मोठा आदर होता. पण वाचणारा आला नाही, की पुस्तकही मिटलं. रियाधमध्ये 1960 सालापासून अंधांसाठी ‘नूर’ संस्था होती. मात्र तिथे ब्रेल शिकलेल्याला हवा तो ग्रंथ ब्रेलमध्ये मिळेलच, असं नव्हतं.

आज किंग फहद राष्ट्रीय ग्रंथालयाची जुनी वास्तू 2013 च्या नव्या इमारतीच्या कुशीत उभी आहे. मोबाइलमधला स्क्रीन रीडर अरबी वाचून दाखवतो. सौदी 2018 मध्ये माराकेश करारात सामील झाला. अंधांसाठी पुस्तकाची सुगम प्रत काढायची वाट त्यामुळे मोकळी झाली. कुणाची वाट न पाहता रात्री दोन वाजता पुस्तक उघडता येणं, हे स्वातंत्र्य मोठंच आहे.

तरी अडचणी उरतातच. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र. त्यापुढे स्क्रीन रीडर मुका होतो. अरबी छपाईत ऱ्हस्व स्वर बहुधा नसतातच, म्हणून यंत्र शब्द चुकीचाही वाचतं. हे रोज सोसणाऱ्यालाच नेमकं ठाऊक असतं. मग ग्रंथालय अपंग वाचकांना किती सोयीचं आहे, याचा अभ्यास करताना केवळ ग्रंथपालांकडून प्रश्नावली भरून घेऊन आणि रॅम्प मोजून कसं भागेल?

अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी सल्लामसलत करून घ्यावेत, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार सौदीने 2008 मध्ये मान्य केला आहे. संशोधनालाही तोच नियम लागू व्हावा. प्रश्नावली स्क्रीन रीडरला वाचता यावी, कर्णबधिरांच्या मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषी असावा, व्हीलचेअरवरच्या वाचकाने कपाटांमधल्या वाटा स्वतः तपासाव्यात. आणि काय शोधायचं, हे ठरवतानाच ही माणसं संशोधक म्हणून, मानधन घेऊन, त्या टेबलाशी बसलेली असावीत.