अकरा महिन्यांची खोली



या अंकाला कविता देणार होतो. झाली नाही. पाळी करून आलं की डोक्यात शब्द येत नाहीत, आकडे येतात. लूमवर 12 तास. परळहून भिवंडीला जायला 2 तास, यायला 2 तास. झाले 16. उरले 8. त्यात झोप, संडासची लाईन, पाणी भरणं, जेवण, मिटिंग. कवितेच्या वाट्याला काय येतं ते तुम्हीच मोजा. म्हणून यावेळी हिशोबच देतो. प्रश्न साधा आहे : कल्याणला राहायला जावं का नाही?

आमची परळची खोली 10 बाय 12. माणसं 6. आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचं पोर आणि मी. मी गॅलरीत झोपतो. पावसाळ्यात जिन्यात. पण ही नुसती खोली नाय. पणजानं साताऱ्याकडचं गाव सोडलं, गिरणीत लागला, तेव्हापासून आमची चूल इथं आहे. पणजा रिंग खात्यात. साचाखात्यात आमच्या माणसाला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून काढावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा सवर्ण विणकराला चालत नसे. आणि पगार जास्त तो साचाखात्यातच. थुंकी बाटायची त्यांची, पोट मारलं जायचं आमचं. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठं त्यांना तो दिसला.

आजाही बापाच्या मागं रिंग खात्यातच चिकटला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजा होता. तो पुन्हा आत गेलाच नाही. आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. बाबा अशाच एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. म्हणजे घराण्यात मिल राहिली ती माझ्यापाशी, आणि ती पण भिवंडीत. मी 6 लूम चालवतो. डावीकडं तेलंगणाचा माणूस, उजवीकडं आझमगढचा. धाग्याला कोण हात लावतो हे कुणी विचारत नाही. मीटरवर पैसे. मला वाटलं, धाग्यावरचा विटाळ संपला म्हणजे संपला.

आता कल्याण. नकाशा काढून बघा. ठाण्याहून पुढं कल्याणपर्यंत गाडी आली ती 1 मे 1854 ला. तिथं रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडून नाशिकला, दुसरा कर्जतकडून पुण्याला. भिवंडीला जायला शेअर रिक्षा आहे, बस आहे.  दादरला थेट फास्ट लोकल. माझे रोजचे तीन तास वाचतात. तीन तास म्हणजे काय, हे कामगारालाच कळतं. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं जे शिकलो ते लोकलच्या दारात उभं राहून, एका हातात दांडी, एका हातात पुस्तक. बसून वाचायला तीन तास मिळाले तर माणूस कुठल्या कुठं जाईल.

शाखेतले दोघेतिघे म्हणाले, "परळ सोडतोस म्हणजे चळवळ सोडतोस." मला लागलं ते. 10 जानेवारी 1974 ला पँथरचा मोर्चा निघाला आणि भागवत जाधव ह्याच परळच्या रस्त्यावर पडले. 6 डिसेंबरला आम्ही इथून चैत्यभूमीला चालत जातो. ते सोडून लांब जायचं? पण मग मी दुसरं बघितलं. विदर्भातून, मराठवाड्यातून, सोलापूरकडून माणसं त्या दिवसात गाड्या भरभरून येतात, त्या बहुतेक गाड्या कल्याणवरूनच दादरला जातात. मी लांब जात नव्हतो. येणाऱ्यांच्या वाटेवर जाऊन उभा राहत होतो. आणि बाबासाहेबही परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले, पण जन्मभर नाही राहिले. पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून त्यांनी दादरला राजगृह बांधलं.

मनाशी ठरवलं आणि एका रविवारी कल्याणला उतरलो.

एजंटनं पश्चिमेला स्टेशनपासून दहा मिनिटांवर खोली दाखवली. दुसरा मजला, खोली आणि स्वयंपाकघर, आत संडास, नळाला पाणी, खिडकीत उजेड. भाडं 8 हजार, डिपॉझिट 40, ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं. खिडकीखाली टेबल कुठं ठेवायचं ते पण मी ठरवून टाकलं. मालक बसले होते. नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं, गाव सातारा जिल्ह्यातलं सांगितलं. मालक खूश. "साताऱ्याचे होय! चांगले लोक." मग म्हणाले, "आम्हाला आपल्यातलाच माणूस पाहिजे होता. बाकी काय नाय, भिंतीला खिळा मारायचा नाय."

मी गप्प. आडनाव विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नव्हतो. पण माझ्या गप्प बसण्यावर एक आडनाव आपोआप उगवलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

जिन्यात एजंटनं हळूच विचारलं, "भाऊ, पूर्ण नाव काय? कागद करायला लागतील." सांगितलं. तो थांबला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बघा, कागद मी करून घेतो, मालक वाचत नाहीत. तुम्ही फक्त फोटोबिटो दारातून दिसेल असा लावू नका. दारावर पाटी नको. 11 महिन्यांचा तर प्रश्न आहे."

परतीच्या गाडीत 11 हा आकडा डोक्यातून जाईना. तुम्ही वाचलं असेल. 1917 साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीला गेले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण राहायला जागा नाही. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. त्यांना बाहेर काढलं. हिंदू मित्राचं घर नाही, ख्रिस्ती मित्राचं घर नाही. रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या पारशांचा राग आला होता. आता गाडीत बसून मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो : ते दहा दिवस. दार वाजलं की दचकायचं. हाक मारली की आपलंच नाव विसरायचं. माझ्यापुढं तेच 11 महिने होते, वर 8 हजार भाडं.

घरी आईला सगळं सांगितलं. आई शिकलेली नाही. तिनं एकच विचारलं, "मग बाबासाहेबांचा फोटू कुठं लावायचा रं?"

"कपाटात ठेवू, आई. थोडे दिवस."

"मग मी पण कपाटातच बसंन. मला कशापायी न्हेतोस?"

दुसऱ्या दिवशी मी एजंटला फोन केला. म्हटलं, मालकांना माझं पूर्ण नाव सांगा आणि विचारा. संध्याकाळी निरोप आला : मालकांच्या पुतण्याला खोली पाहिजे आहे. पुतणे आपल्या देशात फार वेळेवर जन्माला येतात.

घटना काढून बसलो. कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली. कलम 19 म्हणतं, भारतात कुठंही राहा, वस्ती करा. कलम 15 मध्ये दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर, तलाव, रस्ता आहे. भाड्याच्या खोलीचं नाव तिथं नाही. विटाळ तेवढीच फट बघून आत शिरलाय. धाग्यावरून उठला आणि खोलीवर बसला.

शेवटी पूर्वेला खोली मिळाली. रुळांच्या पलीकडं, बैठी चाळ, भाडं 6 हजार, संडास बाहेर. पूर्ण नाव मी आधीच सांगितलं. मालकानं एवढंच विचारलं, "पगार वेळेवर होतो ना?" आजवर घर बघताना मला विचारलेला हा एकच सरळ प्रश्न. आजूबाजूला अर्धी वस्ती आपली, कोपऱ्यावर विहार. बरं वाटलं. पण रात्री झोप लागेना. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं गुणगान करणाऱ्यांना सुनावलं. ते खेडं सोडून आम्ही शहरात आलो. आणि शहरानं काय केलं? गावकूस पाडलं आणि तिथं रूळ टाकले. आपण पुन्हा पलीकडंच.

म्हणून माझा निकाल असा आहे. कल्याणला मी राहायला गेलो. तीन तास मिळाले, ते मी सोडणार नाही. पण पूर्वेला राहतो म्हणून पश्चिम त्यांना लिहून दिली नाही. बाबासाहेब बडोद्यात दुसऱ्याच्या नावानं राहिले आणि हाकलले गेले. त्यानंतर ते दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःच्या नावानं राहिले. दोन्ही घरं आपल्यासमोर आहेत. कुठलं घ्यायचं ते ठरवू या.

शाखांना माझं सांगणं आहे. खोली बघायला आपल्या पोरानं एकटं जाऊ नये. एकटा माणूस गरजेपोटी गप्प बसतो, मी बसलो होतो. तिघांनी जावं. पूर्ण नाव पहिल्या वाक्यात सांगावं. कोण काय म्हणालं, कुठल्या तारखेला, हे वहीत लिहावं. पुतण्यांची पण मोजणी होऊ द्या. वही भरली की ती घेऊन कुठं जायचं ते एकत्र बसून बघू. माझी वही सुरू आहे. सुट्टीच्या रविवारी मी पश्चिमेला जातो आणि पूर्ण नावानं खोली विचारतो.

आई अजून परळलाच आहे. येते म्हणालीय. खिळा मी ठोकून ठेवलाय, फोटो ती घेऊन येणार आहे.

कल्याणला उतरलात तर पूर्वेला या. पाटीवर नाव पूर्ण आहे.