वाटीची जाडी

खुब्याची कृत्रिम वाटी करणाऱ्याला जागा मोजूनच मिळते. हाडातला खळगा साधारण 50 मिलिमीटरचा. वाटीत फिरणारा चेंडू मोठा घेतला की वाटीचं प्लास्टिक पातळ होतं, प्लास्टिक जाड ठेवलं की चेंडू लहान. सर्जन जॉन चार्नली जन्मभर याच हिशेबाशी झुंजत राहिले.

लँकेशायरच्या रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी चेंडू उतरवत उतरवत 22.225 मिलिमीटरवर आणला. लहान चेंडू म्हणजे घर्षणाचा पीळ कमी, म्हणून वाटी हाडातून सुटायची भीतीही कमी. गणितात खोट नव्हती, खोट वाटीच्या टेफ्लॉनमध्ये निघाली. दोन-तीन वर्षांत चेंडू वाटीत रुतू लागला आणि झिजलेल्या भुकटीनं भोवतालच्या ऊती चिडल्या. अशा वाट्या सुमारे 300 रुग्णांत बसलेल्या होत्या.

मे 1962 मध्ये एक विक्रेता पॉलिइथिलीन घेऊन आला. मागांच्या दातेरी चाकांसाठीचा माल! चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं, ‘वेळ घालवू नका’ अशा अर्थाचं तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांना सुनावलं आणि ते कोपनहेगनला गेले. क्रेव्हननी तरीही तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजे, तेवढं हे तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही झिजलं नाही. नोव्हेंबरात पहिली वाटी बसली. पुढचा सगळा मान चार्नलींना मिळाला, क्रेव्हनचं नाव मात्र जाणकारांपुरतंच उरलं.

स्वतःच्या मांडीत दोन्ही प्लास्टिकचे नमुने घालून घेऊन त्याचा वृत्तांत 1963 साली ‘लॅन्सेट’मध्ये देणाऱ्या चार्नलींना विनय होता, असं कुणी म्हणणार नाही. नॉर्विचचे सर्जन मॅकी यांचा धातूवर धातूचा, मोठ्या चेंडूचा सांधा आणि आपला सांधा ते लंबकाला लावून दाखवत. मॅकींचा लंबक चटकन थांबे. पण लंबक म्हणजे चालणारा माणूस नव्हे. मॅकींचे काही सांधे वीस वर्षांपेक्षा जास्त टिकले, हे त्या प्रयोगात कुठून दिसणार?

शिवाय लहान चेंडू वाटीतून निसटतो लवकर, आणि आपल्याकडे मांडी घालून, उकिडवं बसणारा रुग्ण तर सर्जनला धास्तीच घालतो. कमी झिजणारं सुधारित पॉलिइथिलीन आल्यावर चेंडू पुन्हा 32, 36 मिलिमीटरवर गेला. 50 मधून 36 गेले की प्रत्येक बाजूला 7 मिलिमीटर उरतात. त्यातच धातूचं कवचही बसवायचं असतं.