न उडालेल्या तासांचा पगार

कासारसाईला सुट्टीवर आले की पहिला प्रश्न पगाराचाच असतो. धरणाच्या वाटेवर, संत तुकाराम कारखान्याच्या गेटपाशी, लग्नाच्या मांडवात, कुठेही. "विमानाचं किती पडतं गं महिन्याला?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. हिंजवडी शेजारीच असल्यामुळे कोणत्या कंपनीत किती पॅकेज मिळतं, हे आमच्या गावात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण मी एअर ॲम्ब्युलन्स चालवते, आणि या कामाचा पगार एका आकड्यात सांगून भागत नाही. तो कशाचा मिळतो, हे आधी सांगावं लागतं.

इथवर येण्याचा रस्ता कागदावर सरळ आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, वर्ग एकची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएचे पेपर, रेडिओ टेलिफोनीचा परवाना आणि उड्डाणाचे २०० तास. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून भरायचे. मग कमर्शियल पायलट लायसन्स हातात पडतं. त्यानंतर ज्या विमानावर काम करायचं, त्याचं वेगळं रेटिंग. आबांनी रस्त्याकडेचा उसाचा तुकडा विकला तो याच पायी, आणि तरी कर्ज काढावंच लागलं. लायसन्सवर विमानाचं नाव चढेपर्यंत हातात एक रुपया येत नाही, हे घरच्यांना समजावणं मला पेपरांपेक्षा जड गेलं.

आम्ही चालवतो ते बीचक्राफ्ट किंग एअर, दोन पंख्यांचं छोटं विमान. वजन ५,७०० किलोच्या आत असल्यामुळे कमर्शियल लायसन्सवरही त्याचं कमांडर होता येतं. मोठ्या विमानाच्या कमांडरला लागतं ते एटीपीएल, म्हणजे १,५०० तासांनंतर मिळणारं वरचं लायसन्स. नियमाने माणूस लवकर पात्र ठरतो, पण रात्री, पावसात, मागे व्हेंटिलेटरवरचा पेशंट असताना डाव्या सीटवर कोणाला बसवायचं, हा निर्णय कंपनीने नियमाच्या किमान आकड्यावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. मी उजव्या सीटवर बरीच वर्षं काढली आणि त्यातलं एकही वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही.

त्या सीटवर शिकले ते कोणत्याच पेपरात नव्हतं. एकदा डोक्याला मार लागलेला पेशंट होता. कवटीत हवा शिरलेली. वर गेल्यावर केबिनमधला दाब कमी होतो, तशी अडकलेली हवा फुगते आणि मेंदूवर दाब वाढतो. डॉक्टर म्हणाले, "केबिन जमिनीवर असल्यासारखी ठेवा." तसं करायचं तर विमान बरंच खालून न्यावं लागतं. खालून नेलं की इंधन जास्त जळतं, ढगांचे हिसके बसतात आणि वाटेत तेल भरायला उतरावं लागतं. कॅप्टननी नकाशावर सगळा हिशेब पुन्हा मांडला, डॉक्टरांना जास्तीचा वेळ सांगितला, त्यांचा होकार घेतला आणि मगच इंजिन सुरू केलं.

आता वेळापत्रक. आमचं रोस्टर म्हणजे मुख्यतः स्टँडबाय. फोन वाजल्यापासून ठरलेल्या वेळात कलिन्याच्या आठ नंबर गेटवर हजर व्हायचं असतं. एक्स्प्रेसवेचा भरवसा नसल्यामुळे ड्युटीचे दिवस कासारसाईत काढता येत नाहीत, म्हणून मुंबईत खोली घेतलेली आहे. पहाटे तीनला फोन येतो तसा दुपारी तीनलाही येतो, आणि कित्येक दिवस येतच नाही. आला की हवामान, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, इंधन, ब्रेथ ॲनालायझर. मग रिकामं विमान पेशंटच्या गावी, तिथून चेन्नई किंवा हैदराबाद. ड्युटीचे तास हजेरीपासून मोजतात, उड्डाणापासून नव्हे. मोठ्या दवाखान्यातून पेशंट निघायला उशीर झाला तर तो उशीर आमच्या तासांतून जातो. तास संपले की तिथेच हॉटेलात झोपायचं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत फुप्फुसं निकामी झालेले कितीतरी पेशंट महाराष्ट्रातून दक्षिणेकडे गेले. त्या महिन्यांत आईने मला फक्त फोनवर ऐकलं.

विमान नियमांप्रमाणे पायलटने सलग तीस दिवसांत १२५ तासांपेक्षा जास्त उडायचं नाही. आमचे तास त्याच्या पावालाही क्वचित पोहोचतात. लोकांना वाटतं, मग आरामच की! पण थकवा तासांत मावत नाही. वेळी-अवेळी मोडलेली झोप आणि फोनकडे लागलेला कान यांची नोंद लॉगबुकात होत नसते. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हिंजवडीतली मंडळी लोहगाव विमानतळावर अडकली आणि गावातही विश्रांतीच्या नव्या नियमांची चर्चा रंगली. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली होती. "एवढी झोप लागते काय यांना?" असं एक काका म्हणाले. मी त्यांना ओट्यावर बसवून तासभर समजावलं, आणि पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा समजावीन.

माझ्या पहिल्या नोकरीत मूळ पगार बेताचा आणि बाकी सगळं उडालेल्या तासांवर होतं. प्रवासी कंपन्यांत निदान किमान तासांची हमी असते. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या पायलटांनी सत्तरऐवजी चाळीस तासांच्या हमीला विरोध केला, तेव्हा वाद त्याचाच होता. आमच्या कामात तास कमीच भरतात, म्हणून तासांवर बांधलेला पगार इथे जास्त घातक. मराठवाड्यातल्या एका गावाहून संध्याकाळी फोन आला होता. पेशंट तरुण, नातेवाईक जास्तीचे पैसे द्यायला तयार. पण तिथल्या धावपट्टीवर रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि सूर्य मावळतीला लागला होता. कॅप्टननी नाही म्हटलं. पेशंटला रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला आणायला सांगितलं, आणि आम्ही तिथून रात्री त्याला उचललं. त्या नकाराच्या क्षणी मी मनात माझ्या हप्त्याचा विचार करत असते तर? जो पायलट नाही म्हणाल्यामुळे गरीब होतो, त्याच्या हो वर पेशंटने भरवसा का ठेवावा?

अमेरिकेत हेलिकॉप्टर ॲम्ब्युलन्सच्या बऱ्याच तळांवर पायलटला आधी फक्त ठिकाण सांगतात. पेशंट लहान मूल आहे की म्हातारा, हे तो हवामान पाहून निर्णय देईपर्यंत त्याला कळू देत नाहीत. दयेने हवामान बदलत नसतं. २५ मे २०११ च्या रात्री पाटण्याहून दिल्लीला पेशंट नेणारं पिलाटस विमान खराब हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळलं. विमानातले सातही जण गेले आणि घरातले तिघे. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने ती रात्र वाचलेली असावी.

आणि ६ मे २०२१ सुद्धा. बागडोगऱ्याहून हैदराबादला पेशंट नेणारं किंग एअर तेल भरायला नागपूरला उतरलं. पुन्हा उडताना त्याचं एक चाक धावपट्टीवरच निखळून पडलं. कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान मुंबईला आणलं. तिथे धावपट्टीवर फेस पसरला होता. त्यांनी चाकं खाली न काढता विमान पोटावर उतरवलं. पेशंट, डॉक्टर, सगळे पाचही जण सुखरूप. अशा माणसाच्या त्या रात्रीचा पगार तासांच्या दराने कसा मोजायचा? त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या सरावाचा, सहामाही चेकचा आणि जमिनीवर बसून काढलेल्या दिवसांचाच तो मोबदला आहे, असं मी मानते.

आमच्या तालुक्याला हवेतली भीती जवळून माहीत आहे. २४ ऑगस्ट २०२४ ला पौडजवळ जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर पडलं, सुदैवाने चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला बावधनला धुक्यात दुसरं पडलं, त्यात दोन पायलट आणि एक इंजिनिअर गेले. दोन्ही वेळा आबांचा फोन आला. मी हेलिकॉप्टर चालवत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

गेल्या सुट्टीत चुलत बहिणीची मुलगी वही घेऊन आली. तिलाही हेच करायचंय. तिला सांगितलं, फी भरण्याआधी मेडिकल कर. आधी वर्ग दोन, मग वर्ग एक, कारण लाखो रुपये भरल्यावर डोळ्यांत किंवा हृदयात काही निघालं तर ते पैसे परत येत नाहीत. शिकवणाऱ्या संस्थेत चालू विमानं किती आणि मुलं किती, हे स्वतः जाऊन मोज. आणि नोकरीच्या मुलाखतीत लाजू नकोस. मूळ पगार किती, स्टँडबायचे पैसे मिळतात का, कॅप्टनने हवामानामुळे उड्डाण नाकारलं तर त्या दिवसाचं काय, हे तीन प्रश्न विचार. तिने चौथा स्वतःच लिहिला: मुंबईत राहायची सोय कंपनी करते का?