कोण कोणाशेजारी बसतं

आपल्याकडे दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायची रीत होती. चहा त्या जागी येऊन बसला, तोही फार पूर्वी नव्हे. आसामातले मळे १८३०च्या दशकापासूनचे. तिथली पत्ती आधी विलायतेला जाई. विसाव्या शतकात मळेवाल्यांनी गिरण्या, रेल्वे स्टेशनं, बाजार गाठून आपल्याला चहाची सवय लावली. आपण ती लावून घेतली, पण आपल्या पद्धतीने. दूध वाढवलं, साखर वाढवली, आलं ठेचून घातलं आणि सगळं एकत्र उकळलं. पत्ती कमी खपते म्हणून विकणारे नाराज झाले. पुढे १९३० साली आसामात सीटीसी यंत्र निघालं आणि पानांचे बारीक दाणे होऊ लागले. चिमूटभर दाण्यांत कडक रंग उतरतो, म्हणून टपरीवरचा कटिंग हमालालाही परवडू लागला.

पण परवडणं म्हणजे शेजारी बसायला मिळणं नव्हे. कितीतरी गावांत दलितांसाठी हॉटेलाबाहेर वेगळा कप ठेवलेला असे, आणि तो त्यांनीच विसळायचा. सीटीसी यंत्राच्याही आधी, अशाच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेला हा माणूस. महाराज त्यांच्या दारात गाडी थांबवून चहा घेत, सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजत. महाराष्ट्राच्या चहाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

आता तरुण मुलं कॉफीकडे वळली आहेत. एकेकाळी आपल्या घरांत कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, खास पाहुण्यांसाठी. आज ती काचेच्या दारामागे, यंत्रातून वाफ सोडत येते. चव छान असते आणि तिथे एकटी मुलगी तासभर निर्धास्त वाचत बसू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं. टपरीने तिला ती जागा कधी दिली नव्हती. मात्र त्याच दाराशी उभा असलेला रखवालदार आपला चहा समोरच्या टपरीवरून मागवतो. आतल्या एका कपात त्याची अर्ध्या दिवसाची कमाई जाईल.

सगळ्यांना शेजारी बसवणं कॉफीला जमणार नाही असं नाही. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा काम गेलेल्या कामगारांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळाने सहकारी संस्था काढल्या. काल कप उचलणारे आज मालक झाले, आणि त्यांच्या टेबलांवर विद्यार्थी, कारकून, कवी एका कपावर दुपारभर वाद घालत बसू लागले.