मुके बिऱ्हाडकरू

पाळण्याजोगा प्राणी म्हणून गांडुळाची शिफारस कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दुटप्पी माणसाला आपण खुशाल गांडूळ म्हणतो, आणि ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ हे वाक्य मुलांकडून घोकूनही घेतो. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी हे वाक्य शाळेतून घरी आणले, त्या मित्राला भेटण्याचा हट्ट धरला, आणि हिमायतनगरच्या आमच्या घरात हे बिऱ्हाड आले.

एका शेतकऱ्याच्या शेणखतातली ओंजळभर तांबूस गांडुळे मागून आणली. जुन्या पत्र्याच्या डब्याला बुडाशी भोके पाडली. खाली वाळका पाला, त्यावर अर्धवट मुरलेले शेण, भाजीची देठे आणि वर ओले गोणपाट. ताजे शेण तापते, कांद्याच्या व लिंबाच्या साली आणि खारट-तेलकट उष्टे त्यांना सोसत नाही, हे सारे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले. मात्र घरात घाण नको म्हणून डबा ठेवला गच्चीवर. महिना चैत्राचा! चाळीस अंश ओलांडणारा आमचा उन्हाळा, आणि पस्तिशीपुढे ज्यांचा निभाव लागत नाही असे ते जीव. चौथ्या दिवशी गोणपाट उचलले, तर आत काहीच हालत नव्हते.

“बाबा, गांडुळे कुठे गेली?” कन्येने विचारले.

“जमिनीत गेली असतील,” मी म्हणालो. गच्चीवरून!

जिन्यात माझी आई उभी होती. या गावाला ती अजून जुन्या नावाने वाढोणाच म्हणते. इतर गोष्टींचीही नावे ती बदलत नाही. “मेली ती, पोरांनो. उन्हानं भाजली. तुमच्या बापाच्या ध्यानात आलं नाही.”

मुले रडली. मग धाकट्याने डोळे पुसत विचारले, “ती ओरडली का नाहीत?”

या वेळी मी खरे तेच सांगितले. चार्ल्स डार्विनने उतारवयात गांडुळांवर ग्रंथ लिहिला. तो १८८१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या घरची माणसेही या प्रयोगांत सामील होती. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांच्यापुढे पियानो वाजवला, ती ढिम्म. पण त्यांची कुंडी पियानोवरच ठेवून सूर काढताच ती बिळात पळाली. त्यांना कान नाहीत, कंठ नाही. कळतो तो स्पर्श.

मृगाचा पाऊस पडल्यावर धाकट्याने फुटक्या माठात नवा संसार मांडला, तो कडुनिंबाच्या सावलीत. शाळेला निघण्यापूर्वी तो रोज त्या मातीवर तळहात ठेवी.

“हे काय रे?” मी एकदा विचारले.

“तापली का पाहतो. ती सांगणार नाहीत ना!”

दसऱ्यापर्यंत शेणाचा दर्प गेला. चहाच्या चोथ्यासारखे काळे, मोकळे खत हाती आले. त्यात लिंबाच्या आकाराचे इवलेसे पिवळसर कोष होते; म्हणजे बिऱ्हाडात पाळणा हलला होता! पहिली ओंजळ आईने तुळशीला घातली.

परवा रात्री आई पानावरून लवकर उठली. “काही नाही रे, भूक नव्हती,” ती म्हणाली, आणि मी निश्चिंतपणे वर्तमानपत्र उघडले. धाकटा मात्र उठला आणि त्याने आजीच्या कपाळावर तळहात ठेवला.

“बाबा,” तो म्हणाला, “आजी तापली आहे.”